रक्ततपासणी आणि नित्याची औषधे
(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आम्ही रुग्णालयाच्या जमाखर्चाचा गोषवारा आपणांस सादर करीत असतो. यंदाचा ताळेबंद याच अहवालाच्या उत्तरार्धात छापलेला आहे, त्यामुळे त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. रुग्णांच्या नातेवाइकांना घरी गेल्यावरही उपयोगी पडेल असा एखादा विषय प्रशासनाने मांडावा, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली. त्या सूचनेचा मान राखून आजचा विषय निवडला आहे. आम्ही वैद्यकशास्त्राचे पदवीधर नव्हे, वाणिज्य शाखेचे. म्हणून जे सांगणार आहोत ते आमच्या रोगनिदान विभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊन आणि त्यांच्याकडून तपासून घेऊनच सांगत आहोत.

विषय सुचला तो रक्त संकलन कक्षाच्या खिडकीवरून. सकाळी आठपासून तेथे रांग असते आणि रांगेतले प्रश्न ठरलेले असतात. “साहेब, सकाळची प्रेशरची गोळी घेतली, आता रक्त द्यायचं का उद्या येऊ?” “ताई, तापाची गोळी रात्री दिली होती, त्यानं रिपोर्ट चुकीचा येईल का?” “काविळीची तपासणी आहे, म्हणून आईची इन्सुलिन आज दिलीच नाही.” प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्या उत्तरावर कधी रुग्णाचा जीव, कधी कुटुंबाची पुंजी, तर कधी एखाद्याची समाजातील प्रतिष्ठा अवलंबून असते. म्हणून त्यांचे उत्तर खिडकीवर घाईने न देता येथे सविस्तर द्यावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम थोडक्यात उत्तर सांगतो. नित्याची बहुसंख्य औषधे संसर्गाच्या रक्ततपासण्यांमध्ये ढवळाढवळ करीत नाहीत. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची औषधे, थायरॉइडची गोळी, पॅरासिटामॉल, आम्लपित्तावरील गोळी, लोहाच्या गोळ्या यांपैकी कशामुळेही एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा हिपॅटायटिस सी यांचा अहवाल होकारार्थीचा नकारार्थी किंवा नकारार्थीचा होकारार्थी होत नाही. मात्र काही थोडी औषधे अशी आहेत की ज्यांचा परिणाम निश्चित होतो. ती कोणती आणि तो परिणाम कसा होतो, हे कळण्यासाठी तपासणी नेमके काय शोधते ते आधी पाहावे लागेल.

संसर्गाच्या रक्ततपासण्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत, असे आमच्या डॉक्टरांनी आम्हांस समजावले. पहिल्या प्रकारात शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे किंवा जंतूचा एखादा अंश शोधला जातो. एचआयव्ही, काविळीचे विषाणू, डेंग्यू यांच्या नेहमीच्या चाचण्या या वर्गातल्या. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष जंतूलाच पकडायचे असते. ब्लड कल्चर किंवा मलेरियासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाणारा रक्ताचा थेंब ही त्याची उदाहरणे. तिसऱ्या प्रकारात जंतूचा शोध नसतो. संसर्गामुळे शरीरात उडालेली धावपळ मोजली जाते, जसे पांढऱ्या पेशींची संख्या किंवा सीआरपी. औषधाचा परिणाम होतो की नाही, हे या तीन प्रकारांवर अवलंबून असते.

पहिल्या प्रकाराबाबत आमचे आग्रहाचे सांगणे एकच आहे. तपासणीसाठी म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नका. या चाचण्यांसाठी उपाशीपोटी राहण्याचीही गरज नसते. उपाशीपोटी रक्त देण्याची सूचना साखरेच्या काही तपासण्यांसाठी असते. ती सर्वच तपासण्यांना लागू आहे असा समज होऊन रुग्ण सकाळची औषधेही टाळतात. फिट येणाऱ्या रुग्णाने एक दिवस गोळी चुकवली, तर त्याला रांगेतच झटका येऊ शकतो. रक्तदाबाच्या रुग्णाने गोळी सोडली, तर त्याचा दाब वाढू शकतो. मधुमेही रुग्ण रिकाम्या पोटी येणार असेल, तर इन्सुलिन कधी घ्यावी हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. ज्या गोष्टीने अहवालात काडीचाही फरक पडत नाही, तिच्यासाठी जिवावर बेतणारा धोका पत्करण्यात काय हशील आहे?

आता दुसऱ्या प्रकाराकडे येतो. येथे मात्र औषधाने फरक पडतो आणि तो मोठा पडतो. रक्तात जिवाणू आहेत का, असल्यास कोणते आणि कोणत्या प्रतिजैविकाने मरतील, हे ब्लड कल्चर सांगते. रुग्णाचे रक्त पोषक द्रव्य असलेल्या बाटलीत घालून उबेत ठेवतात आणि जिवाणू वाढतात का ते सामान्यतः पाच दिवस पाहतात. अर्थात जिवाणू जिवंत असतील तरच ते वाढणार. रक्त घेण्यापूर्वीच प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या पोटात गेल्या असतील, तर जिवाणू अर्धमेले झालेले असतात. ते रुग्णाच्या शरीरात उपद्रव करण्याइतके उरतात, परंतु बाटलीत वाढण्याइतके उरत नाहीत.

हा फरक किती असतो, याचे एक मोजमाप २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडा व अमेरिकेतील ७ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत गंभीर संसर्गाच्या ३२५ प्रौढ रुग्णांचे रक्त प्रतिजैविक देण्यापूर्वी एकदा आणि दिल्यानंतर दोन तासांच्या आत पुन्हा एकदा घेण्यात आले. आधीच्या रक्तात १०२ रुग्णांमध्ये जिवाणू वाढले. नंतरच्या रक्तात ते केवळ ६३ रुग्णांमध्ये वाढले. रुग्ण तेच, आजार तोच, रुग्णालय तेच. मध्ये फक्त औषधाची पहिली मात्रा गेली होती. दोन तासांत इतका फरक पडत असेल, तर चार-पाच दिवस मेडिकल दुकानातून आणलेल्या गोळ्या खाऊन आलेल्या रुग्णाच्या तपासणीचे काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे दाखल झालेल्या एका तरुणाचे उदाहरण येथे देतो. घर शेतकऱ्याचे. आठ-नऊ दिवसांचा ताप. दरम्यान गावच्या आणि तालुक्याच्या दुकानांतून आणलेल्या तीन निरनिराळ्या प्रतिजैविकांचे अर्धवट कोर्स झालेले. आमच्या डॉक्टरांनी ब्लड कल्चर घेतले. पाचव्या दिवशी अहवाल आला, जिवाणूंची वाढ नाही. रुग्णाची लक्षणे मात्र गंभीर संसर्गाचीच होती. अखेर कोणत्या जंतूशी लढायचे आहे हे ठाऊक नसताना, अनेक जंतूंना लागू पडतील अशी महागडी इंजेक्शने त्याला द्यावी लागली. तो बरा होऊन घरी गेला, ही समाधानाची बाब. पण त्याच्या वडिलांनी आमच्या कार्यालयात येऊन विचारलेला प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. ते म्हणाले, “रिपोर्टमध्ये काहीच नाही म्हणता, मग एवढी इंजेक्शनं कशापायी?”

प्रश्न रास्त होता. पैसा कष्टाचा असला की माणूस असाच विचारणार. आम्ही त्यांना आमच्या भाषेत उत्तर दिले. काका, व्हाउचर सापडले नाही म्हणून खर्च झालाच नाही असे कोणताही हिशेब तपासनीस म्हणत नाही. अहवालात काही आढळले नाही, याचा अर्थ काही नाही असा होत नाही. आधी घेतलेल्या औषधांनी पुरावा पुसला, आजार पुसला नाही. त्यांना ते पटले. तथापि ते पटवण्याची वेळच येऊ नये, अशी आमची इच्छा आहे.

विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, कथा याच जातीची आहे. आपल्याकडे ताप आला की ‘विडाल करा’ असे रुग्णच सांगतात. ही चाचणी फ्रान्समधील डॉक्टर विडाल यांनी १८९६ मध्ये मांडली. ती रक्तातील प्रतिपिंडे मोजते. प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण पहिला आठवडा जातो, म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल फारसे काही सांगत नाही. लवकर प्रतिजैविक सुरू झाले, तर प्रतिपिंडांची वाढही मंदावू शकते. उलटपक्षी पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉइडमुळे किंवा लसीमुळे आज टायफॉइड नसतानाही विडाल होकारार्थी येऊ शकते. पहिल्या आठवड्यात खरा भरवसा कल्चरचा, आणि त्यासाठी रक्त औषधापूर्वी घेतलेले हवे.

मलेरियाच्या बाबतीत गंमत अशी की एकच औषध दोन तपासण्यांवर दोन प्रकारे परिणाम करते. मलेरियाच्या गोळ्या आधीच घेतल्या असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली परोपजीवी दिसत नाहीत. पण झटपट निदान करणाऱ्या पट्टीवरील फाल्सिपेरमची चाचणी परोपजीवी मेल्यानंतरही काही आठवडे होकारार्थी राहू शकते, कारण त्याने रक्तात सोडलेले प्रथिन हळूहळू नाहीसे होते. म्हणून पट्टी पुन्हा होकारार्थी आली की औषध लागू पडले नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही प्रतिजैविकांचाही मलेरियाच्या परोपजीवीवर थोडाफार परिणाम होतो, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. औषधाने तपासणी बिघडते म्हणून अत्यवस्थ रुग्णाचे औषध थांबवून ठेवावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. जंतुसंसर्गाने रक्तदाब खालावलेल्या रुग्णाला प्रतिजैविक तासाभराच्या आत मिळावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. तेव्हा क्रम असा की आधी रक्त, लगेच औषध. रक्त घेण्यास काही कारणाने विलंब होत असेल, तर औषध थांबत नाही. आमच्या आपत्कालीन विभागातील परिचारिका कल्चरच्या बाटल्या हाताशी ठेवतात, त्याचे कारण हेच.

तिसऱ्या प्रकारात मुख्य औषध एकच लक्षात ठेवावे, ते म्हणजे स्टेरॉइड. दमा, सांधेदुखी, त्वचाविकार यांसाठी ही औषधे डॉक्टर विचारपूर्वक देतात आणि ती अनेकांना जीवदान देतात. परंतु स्टेरॉइड घेतल्यावर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहिलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात उतरतात आणि त्यांची संख्या वाढलेली दिसते. संसर्ग नसतानाही अहवाल संसर्गासारखा दिसतो. उलट सीआरपी स्टेरॉइडने खाली येऊ शकते. संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या टोसिलिझुमॅब या इंजेक्शनाने तर खरा संसर्ग असतानाही सीआरपी जवळपास सामान्य राहू शकते. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, कर्करोगावरील केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असतील, तर शरीर प्रतिपिंडेच पुरेशी तयार करीत नाही. अशा रुग्णाची प्रतिपिंडांची चाचणी नकारार्थी आली, तरी डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. क्षयरोगाची मॅन्टू चाचणी आणि त्यासाठीची रक्तचाचणी यांनाही हेच लागू आहे.

येथे अडचण अशी येते की अनेक रुग्णांना आपण स्टेरॉइड घेत आहोत, हेच माहीत नसते. गुडघेदुखीवर कोणी बिनलेबलच्या पुड्या दिल्या, चार दिवसांत आराम पडला, म्हणून त्या वर्षभर चालू राहिल्या. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. पुडी घेत असाल तर संकोच न करता ती पुडीच घेऊन या. कोणीही आपणांस रागावणार नाही. मात्र ती एकाएकी बंदही करू नका, कारण दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावे लागते.

आता आणखी दोन गोष्टी, ज्या औषध म्हणून कोणी गणतच नाही. पहिली, केस गळू नयेत म्हणून घेतली जाणारी बायोटिनची गोळी. प्रौढाला बायोटिन दिवसाकाठी सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते. दुकानात मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ते १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून अधिक असते. काही यंत्रांवरील चाचण्यांच्या रसायनांत बायोटिनचाच बंध वापरलेला असतो. रक्तात त्याचा पूर आला की त्या चाचण्यांचे आकडे खोटे कमी किंवा खोटे जास्त येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. बायोटिनमुळे हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचा आकडा खोटा कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंदही त्यात होती. थायरॉइडच्या तपासण्यांवर आणि संसर्गाच्या काही तपासण्यांवरही हा परिणाम होऊ शकतो. गोळी किती काळ आधी थांबवावी, हे मात्रा, मूत्रपिंडाचे कार्य आणि प्रयोगशाळेतील यंत्र यांवर ठरते. आपण ती घेत असल्याचे सांगितले की पुढचे आमचा विभाग पाहील.

दुसरी गोष्ट लसीची. हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर सुमारे १८ दिवसांपर्यंत त्या आजाराची पृष्ठभागावरील प्रतिजनाची चाचणी तात्पुरती होकारार्थी येऊ शकते, कारण लस त्याच अंशाची बनलेली असते. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपूर्वी आठवडाभर आधी लस घेतलेल्या उमेदवाराला विनाकारण आजारी ठरवले जाऊ नये, यासाठी लसीची तारीख सांगणे अगत्याचे आहे.

एचआयव्हीविषयी स्वतंत्रपणे बोलणे भाग आहे, कारण तेथे आकड्यांहून अधिक काही पणाला लागलेले असते. येथे प्रश्न बहुधा सर्दी-तापाच्या गोळीचा नसतो, दिवसांचा असतो. संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसेपर्यंत काही काळ जातो. प्रतिजन आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीला साधारण १८ ते ४५ दिवस लागतात. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी घेतलेल्या औषधांमुळे हा काळ लांबू शकतो, म्हणून ती घेतली असल्यास समुपदेशकास अवश्य सांगावे. तसेच उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात विषाणू मोजण्याइतका आढळेनासा होतो, हे औषधाचे यश आहे. आजार समूळ गेल्याची ती खूण नव्हे. गोळ्या सोडल्या तर विषाणू परत येतो.

आणि कोणत्याही एका चाचणीवरून कोणाच्या आयुष्याचा निवाडा होत नाही. आपल्या देशाच्या नियमानुसार, लक्षणे नसलेल्या व्यक्तीस एचआयव्हीबाधित ठरवण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या चाचण्या होकारार्थी याव्या लागतात. २०१७ च्या कायद्याने संमती आणि गोपनीयता यांचे संरक्षणही दिलेले आहे. पहिला अहवाल हाती पडताच लग्न मोडणे, सुनेला माहेरी धाडणे, हे प्रकार अज्ञानापोटी घडतात. ते थांबवणे हे रुग्णालयाइतकेच घरच्या वडीलधाऱ्यांचेही कर्तव्य आहे.

देणगीदारांना वाटेल, या साऱ्याचा आमच्याशी काय संबंध? संबंध थेट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये आपल्या देयकांच्या एकूण रकमेतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात आणि त्यातून गरिबांचे उपचार होतात. आपल्या देणग्यांची भर त्यावर पडते. औषधामुळे फसलेली एक तपासणी पुन्हा करावी लागली किंवा जंतू न कळल्याने महाग इंजेक्शने वापरावी लागली, तर तो खर्च याच निधीतून जातो. म्हणजे दुसऱ्या एखाद्या गरीब रुग्णाच्या वाट्यातून जातो. हे कोणत्याही ताळेबंदात वेगळे दिसत नाही, म्हणून तोंडी सांगत आहोत.

यास्तव आपणां सर्वांस चार विनंत्या. एक, तपासणीला येताना घेत असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी, पुडी, काढा, टॉनिक पिशवीत घालून आणा. नाव आठवत नसले तरी चालेल. दोन, तपासणीच्या चिठ्ठीवर ‘चालू औषधे व अलीकडील लसी’ अशी ओळ आहे, ती रिकामी ठेवू नका. लिहिता येत नसेल तर खिडकीवरील सिस्टर लिहून देतील. तीन, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणतेही नित्याचे औषध बंद करू नका. चार, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकत घेऊ नका. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या तपासणीचा पुरावा पुसू शकते.

या चार गोष्टींना एक पैसाही खर्च येत नाही. मात्र त्यांनी होणारी बचत रुग्णाच्या घरापासून या न्यासाच्या निधीपर्यंत सर्वत्र पोहोचते. आपण वर्षानुवर्षे या संस्थेवर जो विश्वास टाकला आहे, त्याचा आधार अखेर अचूक निदान हाच आहे आणि त्या निदानाची सुरुवात आपण आम्हांस दिलेल्या माहितीपासून होते.